समुद्राकाठचे जड पाणी

नव्या गावी बिऱ्हाड थाटले की तेथील पाण्याची ओळख सर्वप्रथम स्वयंपाकघरात पटते. तुरीची डाळ कुकरच्या चार शिट्ट्यांनंतरही अख्खीच राहते, साबण कितीही चोळला तरी फेस धरत नाही, नळाच्या तोटीवर पांढुरका थर चढतो आणि गीझरची कॉईल क्षारांच्या कवचाखाली निकामी होते. शालेय पुस्तकांत अशा पाण्याला ‘दुष्फेन’ म्हटले आहे; घराघरांत मात्र ‘जड पाणी’ हाच शब्द रूढ आहे. तानसा-भातसाच्या मऊ पाण्यावर वाढलेले मुंबईकर कुटुंब बदलीच्या निमित्ताने चेन्नईस गेले, की हा फरक पहिल्याच आठवड्यात त्याच्या ध्यानी येतो. (अणुभट्टीतील जड पाणी ही सर्वस्वी निराळी वस्तू. चेन्नईच्या दक्षिणेस कल्पाक्कमच्या अणुवीज केंद्रात तेही वापरले जाते. पण त्याचा डाळीशी काही संबंध नाही.)

पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांमुळे हा जडपणा येतो. भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. अमेरिकेत १८० च्या पुढचे पाणी ‘अतिशय जड’ समजले जाते, म्हणजे आपण मुळातच बरेच सोशिक आहोत. समुद्राच्या पाण्यात हाच आकडा सहा हजारांच्या वर जातो. हा समुद्र एखाद्या शहराच्या विहिरींत शिरला तर काय होते, हे पाहावयाचे असेल तर चेन्नईच्या उत्तर टोकाला, एन्नोर परिसरात जावे लागते.

कोसस्थलैयार नदी येथे खाडीच्या रूपाने बंगालच्या उपसागराला मिळते. एके काळी मच्छीमारांची वस्ती आणि मिठागरे एवढीच या भागाची ओळख होती. पुढे औष्णिक वीज केंद्रे, खतांचे व मोटारींचे कारखाने आणि २००१ पासून बंदर, असा औद्योगिक पसारा खाडीभोवती वाढत गेला. लगतच्या मणली येथे तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहिला. या सर्वांना पाणी हवे होते आणि ते जवळच, जमिनीखाली होते. आरणियार आणि कोसस्थलैयार या नद्यांनी हजारो वर्षांत साठवलेल्या वाळूच्या थरांत गोड्या पाण्याचा मोठा साठा होता. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने १९६० च्या दशकात त्याची पाहणी झाली आणि मिंजूर, पंजेट्टी, तामरैपाक्कम या भागांत नलिकाविहिरींची क्षेत्रे विकसित झाली. त्यांतले मिंजूर समुद्राला सर्वांत जवळचे. तेथील पाणी मुख्यत्वे मणलीच्या उद्योगांकडे गेले.

किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडे आणि खारे पाणी एकमेकांना रेटून धरते. गोडे पाणी हलके असल्यामुळे ते खाऱ्या पाण्यावर तरंगते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर त्याखाली सुमारे चाळीस मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी टिकून राहते, असा भूजलशास्त्राचा ढोबळ नियम आहे. हिशेब जितका सुखद, तितकाच निर्दय. उपशामुळे वरची पातळी एका मीटरने खाली आली, तर तळाचे खारे पाणी चाळीस मीटर वर सरकू पाहते. आणि पातळी समुद्रसपाटीच्याही खाली गेली तर समुद्राला अडवणारे काही उरतच नाही. मिंजूरला नेमके हेच घडले. १९६९ च्या सुमारास खारे पाणी किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटर आत आल्याचे आढळले होते. १९८० च्या दशकाअखेर हे अंतर नऊ किलोमीटरच्या आसपास गेले. पुढील अभ्यासांत ते त्याहूनही बरेच आत पोहोचलेले दिसले.

खारेपणा तर वाढलाच. पण त्याबरोबर पाणी विलक्षण जडही झाले आणि यामागची रासायनिक क्रिया मोठी उद्बोधक आहे. गोड्या पाण्याच्या सहवासात जमिनीतील चिकणमातीच्या कणांनी पिढ्यानपिढ्या कॅल्शियम धरून ठेवलेले असते. समुद्राचे पाणी आले की हे कण त्यातील सोडियम पकडतात आणि स्वतःजवळचे कॅल्शियम सोडून देतात. घरी पाणी मऊ करण्याचे यंत्र ज्यांनी बसवले आहे, त्यांना ही अदलाबदल ओळखीची वाटेल. त्या यंत्रातील राळेचे मणी पाण्यातील कॅल्शियम पकडून सोडियम सोडतात. मणी थकले की त्यांच्यावरून मिठाचे तीव्र द्रावण सोडतात, मग कॅल्शियम सुटून मणी पुन्हा ताजे होतात. मिंजूरच्या भूगर्भात समुद्राने हे मिठाचे द्रावण सोडण्याचे काम आपणहून केले. फरक इतकाच, की यंत्रातून सुटलेले जड पाणी गटारात जाते आणि येथले विहिरीत उतरले.

उकळून हे पाणी मऊ होत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा उकळल्याने भांड्याच्या तळाशी बसतो. क्लोराइडमुळे आलेला तसाच राहतो आणि समुद्राची देणगी ही मुख्यत्वे क्लोराइडची. म्हणूनच किनारपट्टीतील अनेक विहिरी पिण्याच्या आणि शेतीच्या कामातून बाद झाल्या. तमिळ घरांत ‘नल्ल तण्णी’, म्हणजे चांगले पाणी, आणि ‘उप्पु तण्णी’, म्हणजे खारे पाणी, असा भेद रोजच्या बोलण्यात केला जातो. पहिले पिण्या-रांधण्याला, दुसरे धुण्या-भांड्याला. ज्यांच्या दारातली विहीर ‘उप्पु’ झाली, त्यांना ‘नल्ल तण्णी’साठी नळाची वेळ, टँकर किंवा वीस लिटरचा विकतचा कॅन यांची वाट पाहणे प्राप्त झाले. ज्या उपशाने विहीर बिघडली त्याचा लाभ त्या घराला क्वचितच मिळाला होता. १९८७ मध्ये चेन्नई महानगर परिसरासाठी भूजल नियमनाचा कायदा झाला खरा. परंतु २००० च्या दशकारंभीच्या टंचाईत याच खोऱ्यातील शेतकऱ्यांच्या विहिरींचे पाणी शहरासाठी विकत घेण्यात आले.

अखेरीस शहराने समुद्राकडेच तोंड वळवले. एन्नोर खाडीच्या उत्तरेस कट्टुपल्ली येथे उभारलेला मिंजूर निःक्षारीकरण प्रकल्प २०१० मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता रोज दहा कोटी लिटर. त्यानंतर दक्षिणेस नेम्मेली येथे २०१३ मध्ये तेवढ्याच क्षमतेचा आणि २०२४ मध्ये पंधरा कोटी लिटरचा असे आणखी दोन प्रकल्प कार्यान्वित झाले. या संयंत्रांत समुद्राचे पाणी प्रचंड दाबाने अतिसूक्ष्म पटलांतून रेटले जाते. पाण्याचे रेणू पलीकडे जातात, क्षार अलीकडे राहतात. घेतलेल्या पाण्याचा निम्म्याहून अधिक भाग अधिकच खारट होऊन समुद्रात परत जातो आणि विजेचा खर्च मोठा येतो. नदीच्या पाण्याशी दराची तुलना केली तर हे पाणी महागच पडते.

गंमत अशी की हे पाणी गरजेपेक्षा जास्त मऊ असते. जवळजवळ क्षारविरहित पाणी वाहिनीत सोडले तर ते स्वस्थ बसत नाही. लोखंडी नळ आणि सिमेंटचे अस्तर यांतून हवे ते क्षार ओढून घेऊ लागते. म्हणून निःक्षारीकरणानंतर ते चुनखडीच्या थरांतून नेऊन किंवा चुना मिसळून त्याला थोडा जडपणा मुद्दाम परत द्यावा लागतो. ज्या परिसरात समुद्राने विहिरींचे पाणी जड केले, त्याच परिसरात समुद्राच्याच पाण्यात आता चुना कालवावा लागतो!

आखाती देशांत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांना असे पाणी नवे नाही. कुवेतने १९५० च्या दशकातच समुद्राचे पाणी गोडे करून पिण्यास सुरुवात केली. वाळवंटातल्या त्या शहरांना दुसरा पर्यायच नव्हता. आपल्याकडे राजस्थानच्या वाळवंटाने वेगळी वाट धरली. इंदिरा गांधी कालव्यातून सतलज-बियासचे हिमालयी पाणी तेथे पोहोचले. चेन्नईचे प्रकरण या दोहोंहून निराळे आहे. येथे पाऊस दगा देत असला, तरी वाळवंटासारखा दुर्मीळ नाही. वाळूच्या थरांत साठवण निसर्गानेच करून ठेवली होती. ती हातची गेली म्हणून शहराला वाळवंटाचा उपाय पत्करावा लागला. विदर्भातील अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतला खारपाणपट्टा मात्र नैसर्गिक. पूर्णेच्या खोऱ्यातील ते खारे पाणी माणसाच्या उपशाने आलेले नव्हे.

समुद्रावर विसंबण्याचेही धोके आहेत. २८ जानेवारी २०१७ रोजी एन्नोरच्या बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन तेल किनाऱ्यावर पसरले. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुरात मणलीकडून आलेले तेल खाडीत शिरले आणि मच्छीमारांच्या नावा व जाळी त्यात माखली. ज्या पाण्यातून शहराची तहान भागवायची, ते स्वच्छ ठेवण्याचा प्रश्न आता केवळ माशांपुरता राहिलेला नाही.

दरम्यान, नदीपात्रांत छोटे बंधारे घालून पुराचे पाणी वाळूत मुरवण्याचे प्रयत्न या खोऱ्यात झाले आहेत आणि बंधाऱ्यांच्या आसपास पाण्याची प्रत सुधारल्याचे दिसून आले आहे. २००३ पासून तमिळनाडूत प्रत्येक इमारतीस पर्जन्यजल संधारण सक्तीचे आहे. परंतु खारे पाणी जितक्या वेगाने आत येते, तितक्या वेगाने मागे हटत नाही. चिकणमातीने धरलेले सोडियम धुऊन जाण्यास अनेक पावसाळे लागतात.

उद्योगांच्या बाबतीत मात्र बदल झाला आहे. २०१९ मध्ये कोडुंगैयूर येथे शहराचे सांडपाणी तशाच पटलांतून गाळून शुद्ध करणारे, रोज साडेचार कोटी लिटर क्षमतेचे संयंत्र सुरू झाले आणि त्याचे पाणी वाहिनीने मणली परिसरातील कारखान्यांना मिळू लागले. साठ वर्षांपूर्वी याच कारखान्यांच्या पट्ट्यासाठी मिंजूरची वाळू उपसून कोरडी करण्यात आली होती.