एका ओळीतल्या आठ भाषा

दहावीचं वेळापत्रक जाहीर झालं की बंगळूरमध्ये ते घरोघरी भिंतीवर किंवा फ्रिजच्या दारावर चिकटतं. आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी ते घेऊन माझ्याकडे आली आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "काका, हे बघा, मराठीपण आहे!" ती ओळ प्रथम भाषेच्या पेपरची होती. तारीख एक, वेळ एक, आणि पुढे नावं: कन्नड, तेलुगू, हिंदी, मराठी, तमिळ, उर्दू, इंग्रजी, संस्कृत.

मुलीचं घर मूळचं खानापूरचं. वडील नोकरीसाठी बंगळूरला आले, म्हणून तिची 'फर्स्ट लँग्वेज' इंग्रजी, दुसरी कन्नड, तिसरी हिंदी. तिचा चुलतभाऊ मात्र खानापूर तालुक्यातच राहिला. तो गणित, विज्ञान, समाजविज्ञान, सगळं मराठीतून शिकतो. दोघांची परीक्षा एकच, एसएसएलसी. बोर्ड एकच, मल्लेश्वरमच्या सहाव्या क्रॉसवरचं. त्या सकाळी ती बंगळूरच्या एखाद्या केंद्रात इंग्रजीचा पेपर सोडवत असेल, तेव्हा पाचशे किलोमीटरवर तो मराठीचा सोडवत असेल. तिच्याच वर्गखोलीत पुढच्या बाकावर कन्नडचा पेपर असेल आणि मागच्या बाकावर संस्कृतचा. दोन दिवसांनी भेटली तेव्हा तिनं मला तिसऱ्या भाषेची ओळ दाखवली. तिथे तर तुळू आणि कोकणीसुद्धा आहेत.

महाराष्ट्रात दहावी झालेल्या माणसाला इथल्या दहावीच्या मार्क्स कार्डात आणखी एक गोष्ट खटकते. आपल्याकडे तिन्ही भाषा शंभर-शंभर गुणांच्या. इथे गेली कित्येक वर्षं एकूण गुण 625 आहेत, कारण प्रथम भाषा 125 गुणांची: शंभरचा लेखी पेपर आणि पंचवीस अंतर्गत. बाकी पाच विषय शंभराचे. पहिल्या नंबरात आलेल्या पोराला शेजारचे विचारतात, "औट ऑफ औट?" म्हणजे सहाशे पंचवीसला सहाशे पंचवीस का? त्या जास्तीच्या पंचवीस गुणांकडे मी आधी हिशेबातली एक विचित्र गोष्ट म्हणून पाहत होतो. मग लक्षात आलं की कुठली भाषा 'पहिली' आणि तिचं वजन किती, यावर या राज्यात माणसं रस्त्यावर उतरली आहेत.

1980 साली कर्नाटक सरकारनं विनायक कृष्ण गोकाक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कन्नडचे हे मोठे कवी आणि इंग्रजीचे प्राध्यापक. आपल्याला जवळचे अशासाठी की सांगलीच्या विलिंग्डन आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचं प्राचार्यपद त्यांनी सांभाळलं होतं. समितीनं 1981च्या सुरुवातीला शिफारस केली की माध्यमिक शाळेत कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा असावी आणि तिला 150 गुण असावेत. सरकार रेंगाळलं, तेव्हा लेखकांनी सुरू केलेल्या आंदोलनात 1982 मध्ये अभिनेते राजकुमार उतरले आणि ते घराघरांत पोचलं. त्यानंतर सरकारी आदेश निघाले, न्यायालयांत आव्हानं झाली. एका शालेय विषयाच्या गुणांवरून एवढा मोठा जनसागर उसळल्याचं उदाहरण जगात फारसं सापडणार नाही. कन्नड माणसाची ती तळमळ खोटी नव्हती. आपल्याच राजधानीत आपली भाषा मागच्या बाकावर बसलेली त्याला दिसत होती. 2011च्या जनगणनेतही बंगळूरमध्ये कन्नड मातृभाषा सांगणारे निम्म्याहून कमी आहेत.

एवढं सगळं होऊनही वेळापत्रकाच्या त्या ओळीत आठ नावं आहेत, आणि मला थक्क करते ती हीच गोष्ट.

बनशंकरीत, रिंग रोडला, कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाचं कार्यालय आहे. शेजारी बसची गर्दी, चहाच्या टपऱ्या, कन्नड पाट्या. तिथून निघणारी शालेय पुस्तकं सात माध्यमांची असतात आणि त्यांतलं एक माध्यम मराठी. बेळगाव, खानापूर, निपाणी, बिदरकडची मुलं प्रकाशाचं परावर्तन आणि वर्गसमीकरणं ज्या मराठी पुस्तकांतून शिकतात, ती बंगळूरची असतात. आता पुण्याला जा. सेनापती बापट रस्त्यावरची बालभारती मराठीबरोबर कन्नड माध्यमाचीही पुस्तकं काढते. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या मुलांसाठी. म्हणजे मराठी पुस्तकं बंगळूरला होतात आणि कन्नड पुस्तकं पुण्याला! मधल्या सीमेवर सत्तर वर्षं भांडण, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात दावा, आणि दोन्ही बाजूंची कार्यालयं एकमेकांच्या भाषेतली मुद्रितं तपासत बसलेली.

हे घटनेनं सांगितलं म्हणून होतं, असा माझा समज होता. 1 नोव्हेंबर 1956ला भाषावार राज्यं झाली, तेव्हाच घटनेत 350 अ हे कलम आलं. कलम वाचलं आणि मी चकित झालो. त्यात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षण द्यायला सांगितलंय ते फक्त प्राथमिक टप्प्यावर. कर्नाटकात हायस्कूल आठवीपासून सुरू होतं. शिक्षण हक्क कायद्याची 6 ते 14 वर्षांची हमीही साधारण तिथेच संपते. म्हणजे खानापूरचा मुलगा दहावीचं विज्ञान मराठीतून शिकतो, तेव्हा तो या कलमाच्या शब्दांच्या पलीकडे उभा असतो. अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा हक्क कलम 30 देतं. पण पुस्तक, प्रश्नपत्रिका, तपासनीस ही सगळी व्यवस्था राज्य वर्षानुवर्षं चालवत आलं आहे.

भाषेची रेघ आखणाऱ्या दुसऱ्या एका देशात काय झालं ते पाहिलं की याची किंमत कळते. बेल्जियमनं आपल्यानंतर थोड्याच वर्षांनी, 1962-63 मध्ये, डच आणि फ्रेंच प्रदेशांमधली सीमा कायद्यानं पक्की केली. ब्रुसेल्सला लागूनच विलवोर्डे हे फ्लेमिश, म्हणजे डच भाषेच्या प्रदेशातलं, गाव आहे. तिथल्या शाळेची भाषा डच. विलवोर्डे, लूव्हेन, गेंट, अँटवर्प अशा गावांतल्या फ्रेंच बोलणाऱ्या पालकांना मुलं फ्रेंचमधून शिकवायची होती. ते युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात गेले. त्यांच्या मुलांची संख्या आठशेच्या वर होती. 23 जुलै 1968ला निकाल लागला: शिक्षणाचा हक्क आहे, पण आपल्या पसंतीच्या भाषेतूनच ते सरकारनं द्यावं, असा हक्क त्यातून निघत नाही. ब्रुसेल्सजवळच्या सहा गावांतल्या फ्रेंच शाळांच्या प्रवेशाबाबत तेवढा पालकांच्या बाजूनं कौल मिळाला, तोही आठ विरुद्ध सात मतांनी.

रेघेपलीकडच्या भाषेला दार बंद करणाऱ्या त्याच फ्लेमिश शाळेत एक गोष्ट मात्र मला फार हेवा वाटावी अशी आहे. बारा ते अठरा अशी सहा वर्षांची माध्यमिक शाळा, दोन-दोन वर्षांचे तीन टप्पे, शिक्षण अठरापर्यंत सक्तीचं, आणि शेवटी बोर्डाची परीक्षाच नाही! जूनअखेर त्या वर्गाला शिकवणारे सगळे शिक्षक एका टेबलाभोवती बसतात आणि एकेका मुलाबद्दल बोलतात. गणितात कच्चा आहे, पण हात चांगला चालतो. वर्षभर घरी आजारपण होतं, शेवटी सावरला. मग ठरतं: पुढे जा, किंवा ही शाखा सोडून दुसरीकडे जा, किंवा वर्ष पुन्हा कर. पदविका शाळाच देते. आमच्या वरच्या मजल्यावर मार्चमध्ये रात्री दोनपर्यंत दिवा जळतो, तेव्हा मला ते टेबल आठवतं. त्या मुलीला नावानं ओळखणारे तिचे शिक्षक तिच्या लेखी पेपरांचा निकाल ठरवत नाहीत. तो ठरवणारा तिला कधी भेटणारही नाही.

तरी भाषेच्या बाबतीत आपल्या न्यायालयानं जे म्हटलं ते विलवोर्डेच्या पालकांना ऐकायला मिळायला हवं होतं. पहिली ते चौथी मातृभाषेतून किंवा कन्नडमधूनच, असं धोरण कर्नाटकनं 1994ला आणलं होतं. 6 मे 2014ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ते रद्द केलं. सक्ती करता येणार नाही, आणि मुलाची मातृभाषा कोणती हे पालकच ठरवतील, असं त्यांनी सांगितलं. आईबापांनी सांगावं आणि सरकारनं ऐकावं.

या स्वातंत्र्याचा वापर पालक कसा करतात, ते मी रोज पाहतो. बंगळूरमध्ये इंग्रजीकडे ओढा आहे, बेळगावातही तो वाढतो आहे, आणि मराठी माध्यमाचे वर्ग विरळ होतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. सीमाभागातल्या मराठी माणसाची वेदनाही मी हलकी मानत नाही. कार्यालयातला कागद त्याला अजून आपल्या भाषेत हवा आहे, आणि ते मागणं रास्त आहे.

परीक्षेच्या आदल्या रात्री मुलीनं भावाला व्हिडिओ कॉल लावला होता. भाऊ मोठ्यानं निबंध म्हणून दाखवत होता, ती ऐकत होती. मध्येच थांबवून तिनं विचारलं, "दादा, 'कृतज्ञता' मधला 'ज्ञ' कसा काढायचा रे?" त्यानं वहीचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं आणि पेन्सिलीनं सावकाश काढून दाखवला. तिनं इंग्रजीच्या वहीच्या मागच्या पानावर तो तीनदा गिरवला.