पोरगं गोंधळ छान म्हणतं, रेडिओवर घेतील का?

परभणीत आकाशवाणी केंद्र असल्यामुळे पालक हा प्रश्न हमखास विचारतात. घेतील, पण दारं दोन आहेत.

गाणाऱ्यासाठी स्वरचाचणी असते. केंद्राकडे अर्ज करायचा, बोलावलं की मायक्रोफोनसमोर गायचं. पास झालेल्याला बी, बी-हाय, ए अशी श्रेणी मिळते, मानधन त्यावर ठरतं. लोकसंगीतात चाल अस्सल हवी. सिनेमाच्या चालीवर बसवलेलं भारूड गॅदरिंगला ठीक! गोंधळमहर्षी राजारामभाऊ कदम आपल्याच परभणीचे. त्यांचा गोंधळ मुलांना जरूर ऐकवा.

बोलणाऱ्यासाठी दुसरं दार, नैमित्तिक उद्घोषकाचं. लेखी परीक्षा आणि आवाजाची चाचणी. आपली पोरं अडतात ती इथं: ‘पाणी’चं ‘पानी’ होतं, ‘शाळा’ची ‘साळा’. वर्गात रोज पाच मिनिटं बातमी मोठ्यानं वाचून घ्या. घरची बोली मात्र मोडू नका, शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात तीच कामाला येते.

आणि पालकांनो, नैमित्तिक म्हणजे कायम नोकरी नव्हे. महिन्याला मोजक्या ड्युट्या, तेवढ्याचेच पैसे. ‘आवाज चांगलाय’ म्हणून बारावीनंतर शिक्षण सोडवू नका. उद्घोषकाच्या जाहिरातीत बहुतेक वेळा पदवीच मागतात.