परड्यातल्या छपराचा हिशेब

वार्षिकाच्या पानांवर कविता, प्रवासवर्णने आणि ललित निबंध वाचायची सवय असलेल्या वाचकांना शेळ्यांच्या छपराचा हिशेब वाचायला लावणे म्हणजे थोडे धाडसच आहे. मी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. इंजिनिअर नव्हे, की गवंड्याची मुलगीही नव्हे. पण आमच्या घरात वही घेऊन हिशेब मांडू शकणारी मी पहिलीच, म्हणून हे काम माझ्याकडे आले. त्यात मी काय चुकले आणि काय शिकले, ते येथे सांगते.

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या माण तालुक्याला वळवाने झोडपून काढले. परड्यातले जुने छपर म्हणजे चार मेढी आणि दगड ठेवून दाबलेले पत्रे. एका संध्याकाळी वारा सुटला, त्यातले दोन पत्रे उडाले आणि रात्रभर भिजून दोन करडे दगावली. पुढे बकरी ईदच्या बाजारात आईने चार बोकड विकले. त्यांचे ३२ हजार रुपये आले आणि ते छपरासाठी बाजूला ठेवले. माझा पुढच्या वर्षीच्या प्रवेशाचा खर्चही त्यातूनच निघायचा होता. गावातल्या एका मिस्त्रींनी उक्ते ४० हजार सांगितले. तेवढे द्यायचे तर दुभत्या शेळ्यांपैकी एकदोन विकणे भाग होते. शेळ्यांसाठी छपर आणि छपरासाठी शेळ्या! तेव्हा माल आपणच आणायचा, असे ठरले.

मोठ्या शेळीला छपराखाली सुमारे १० चौरस फूट जागा लागते. आमच्या शेळ्या आठ, शिवाय करडे. मी टेप लावून परडे मोजले आणि जागा आहे तेवढी घ्यावी म्हणून १३ फूट बाय ११ फूट असा आराखडा काढला. अण्णांनी कागद पाहिला. त्यांना अक्षरे लागत नाहीत, पण आकडे लागतात. म्हणाले, “अगं, जमीन कशाला मोजतीस? पत्र्याला इचार, खोपाट केवढं पायजे ते.”

त्या वेळी मला राग आला. पण तालुक्याच्या दुकानात गेल्यावर त्या वाक्याचा अर्थ कळला. तयार पत्रा मिळतो तो १०, १२, १४ फूट अशा दोन-दोन फुटांच्या पायरीने. रुंदी साडेतीन फूट; पण एका पत्र्यावर दुसरा चढवावा लागतो, त्यात पाव फूट जाते. म्हणजे हाती येते सव्वातीन फूट. माझ्या १३ फूट लांबीला दोन्हीकडे अर्धा अर्धा फूट पागोळी धरली की १४ फूट झाले. चार पत्र्यांनी १३ फूटच झाकते, म्हणून पाचवा पत्रा आला. ११ फूट रुंदीला पुढेमागे पागोळी सोडली की १२ फुटी पत्रा अपुरा, म्हणून १४ फुटी घ्यावा लागला. पाच पत्रे चौदा फुटी म्हणजे ७० फूट. तेच छपर १२ फूट बाय १० फूट केले, तर बारा फुटी चार पत्रे पुरतात, म्हणजे ४८ फूट. फुटाला ११० रुपये दराने २,४२० रुपयांचा फरक, आणि तोही अवघ्या २३ चौरस फुटांसाठी. आराखडा मुकाट्याने खोडला.

पाइपाचेही तसेच. लोखंड किलोवर विकले जाते, पण मिळते २० फुटी नगाने. आमचे खांब सहा. पुढचे तीन जमिनीवर ८ फूट, मागचे तीन साडेसहा फूट, कारण पाण्याला दीड फूट उतार हवा. प्रत्येक खांब दोन फूट जमिनीत. म्हणजे दहा फुटी तीन आणि साडेआठ फुटी तीन. तीन नगांत ते बरोबर बसले. खांबांवर उतरते पाइप तीन. ते मी पत्र्याइतके बारा फूट धरले होते. तसे केले तर प्रत्येक नगातून आठ फूट तुकडा वाया. अण्णांच्या मते पत्र्याची पागोळी थोडी पुढे मोकळी राहिली तरी चालते. खालचा पाइप दहा फुटी पुरे. मग एका नगातून दोन निघाले, तीन नगांचे काम दीड नगात झाले आणि उरलेल्या दहा फुटांतून फाटकाची चौकट निघाली. पत्रे ठोकायला आडवे पाइप चार, तेरा फुटी. तीन नगांतून तीन निघाले, प्रत्येकी सात फूट उरले. त्यांतले दोन तुकडे जोडून चौथा झाला. जोड मात्र मधल्या पाइपावर टेकवायचा, अधांतरी ठेवायचा नाही.

धाकट्या भावाला खाली सिमेंटचा कोबा हवा होता. तोही मी मांडून पाहिला. १२ बाय १० फूट, जाडी तीन इंच, म्हणजे ३० घनफूट. कोरडा माल पाणी घालून दाबला की बसतो, म्हणून दीडपट धरावा : ४५ घनफूट. एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी असे सात भाग केले तर सिमेंट साडेसहा घनफुटांच्या आसपास येते. पोत्यात सव्वा घनफूट सिमेंट असते, तेव्हा पाच पोती. पैसा तर आहेच, शिवाय ओल्या कोब्यावर शेळीचे खूर घसरतात, थंडीत तो गार पडतो आणि मूत वर साचून राहते. मुरूम ते शोषून घेतो आणि वर्षाकाठी वरचा थर खरवडून शेतात टाकता येतो. आईने मुरुमाच्या बाजूने निकाल दिला. शेळ्या तिच्या, त्यामुळे अपील नव्हते.

आता माझी मोठी चूक. पहिल्या कागदावर मी चारच गोष्टी लिहिल्या होत्या. पाइप १२३ किलो, ८,६१० रुपये. पत्रे ५,२८०. पश्चिमेला आणि मागे तीन फूट उंच भिंतीसाठी ३१५ विटा, २,८३५. खांबांचे खड्डे व भिंत यांसाठी चार पोती सिमेंट, १,४८०. बेरीज १८,२०५. मी खूश होते. अण्णांनी विचारले, “आन् हे सगळं घरी कोण आणून टाकणार?”

तेथून कागद वाढू लागला. टेंपो ९००. वेल्डर ३,०००. गवंडी एक दिवस ९००; हाताखाली अण्णा. स्क्रू व वायसर ५००. रेडऑक्साइड, थिनर, ब्रश ४५०. वाळू आणि खडी दोन्ही मिळून पाव ब्रासच लागत होती. तेवढ्यासाठी कोण ट्रॉली आणतो? शेजारी घर बांधत होते. त्यांच्याकडून सिमेंटच्या रिकाम्या पोत्याने मोजून ११०० रुपयांत घेतली. आणि मुरूम तर मी साफच विसरले होते. जोते एक फूट उंच करायचे, म्हणजे १२० घनफूट, सव्वा ब्रास. पण धुमस मारल्यावर मुरूम खाली बसतो, म्हणून दोन ट्रॉल्या, ३,००० रुपये. या विसरलेल्या बाबींची बेरीज ९,८५० निघाली. एकूण २८,०५५. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक खर्च माझ्या कागदावर नव्हताच. मोठ्या आकड्यांवर माझी नजर खिळली होती आणि पैसा किरकोळीतून चालला होता. अर्थशास्त्राच्या पेपरात मला बरे गुण पडतात, हे येथे सांगायला संकोच वाटतो.

दोन ठिकाणी मात्र आम्ही काटकसर केली नाही. पत्रा हलका असतो. उघड्या बाजूने वारा आत शिरला की तो खालून उचलतो. म्हणून खांबांचे खड्डे दोन फूट खोल आणि काँक्रीटने भरलेले. खड्डे दीड फुटांचे करू, असे गवंडी म्हणाले, तेव्हा अण्णा स्वतः पहार घेऊन खड्ड्यात उतरले. स्क्रूही नळीच्या माथ्यावर, वायसर घालून. खळग्यात मारला तर तेथूनच पाणी गळते. कडेच्या ओळींत ते जवळजवळ मारले.

काम २०२६ च्या जानेवारीत चार दिवसांत झाले. प्रत्यक्ष खर्च २९,२०५ रुपये. वाढलेल्या १,१५० मध्ये अर्धी ट्रॉली मुरूम, फाटकाच्या बिजागऱ्या व कडी, आणि मंडळींचा चहा-भजी. आईच्या डब्यात २,७९५ रुपये परत गेले आणि एकही शेळी विकावी लागली नाही. माझ्या प्रवेशाला तेवढ्याने भागणार नाही. पण मार्चमध्ये दोन शेळ्या व्यायच्या आहेत, असे आई म्हणते.

उरलेला सात फुटांचा पाइप अण्णांनी आढ्याला बांधून ठेवला आहे. यंदाचा वळीव अजून व्हायचा आहे.