संगणकातील ड्रायव्हर फाइलींची अडगळ आणि मोकळी जागा

कार्यालयातील कपाटाप्रमाणेच संगणकाची डिस्क हेही आता सार्वजनिक दप्तर झाले आहे. ग्रामपंचायतीचे हिशेब, शाळेची विद्यार्थी नोंद, सभांची इतिवृत्ते, दाखल्यांच्या प्रती असा मोठा ऐवज तिच्यात साठविलेला असतो. ही डिस्क भरत आली की संगणक मंदावतो, नवी फाइल जतन होत नाही आणि सुरक्षिततेसाठी येणाऱ्या सुधारणा जागेअभावी अडून राहतात. यांपैकी शेवटची बाब सर्वांत गंभीर होय, कारण सुधारणा न झालेला संगणक दूषित प्रणालींना सहज बळी पडतो आणि मग दप्तरच धोक्यात येते.

अशा वेळी प्रथम विचार येतो तो जुनी कागदपत्रे काढून टाकण्याचा किंवा नवा संगणक मागविण्याचा. तथापि, कागदपत्रांनी व्यापलेली जागा पुष्कळदा थोडीच असते. संगणकाच्या यंत्रणेनेच साठवून ठेवलेल्या फाइली त्याहून कितीतरी अधिक जागा अडवितात. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या जुन्या प्रती हा त्यांतील एक मोठा भाग असून, तो सुरक्षितपणे कमी करता येतो.

ड्रायव्हर म्हणजे काय?

संगणकाला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाशी बोलण्यासाठी यंत्रणेला एक दुभाषा लागतो. त्या दुभाष्याचे काम करणाऱ्या प्रणालीस ड्रायव्हर म्हणतात. पडद्यावर अक्षरे, चित्रे आणि चित्रफिती दाखविणाऱ्या भागाचा जो ड्रायव्हर, तो ग्राफिक्स ड्रायव्हर. इंटेल, एएमडी आणि एनव्हिडिया या कंपन्यांचे ग्राफिक्स भाग सर्वत्र वापरात आहेत. एकाच ड्रायव्हर संचात उपकरणांच्या अनेक नमुन्यांची सोय केलेली असल्याने त्याचा आकार वाढतो. आजचा असा संच अनेकदा ५०० मेगाबाइटपेक्षा मोठा असतो आणि उलगडल्यावर त्याहूनही अधिक जागा घेतो.

याच्या शेजारी डिस्कची क्षमता ठेवून पाहावी. १२८ गिगाबाइट म्हणून विकली जाणारी डिस्क विंडोजमध्ये सुमारे ११९ गिगाबाइट इतकीच दिसते. कारण उत्पादक एक हजाराच्या पटीत मोजतो, तर विंडोज १०२४ च्या पटीत. विंडोज ११ साठी किमान ६४ गिगाबाइट क्षमतेची डिस्क आवश्यक ठरविलेली आहे. यंत्रणा आणि नेहमीच्या प्रणाली यांचा वाटा वजा जाता लहान डिस्कवर उरणारी जागा बेताचीच असते. तेथे ड्रायव्हरच्या चार-पाच जुन्या आवृत्त्या पडून राहिल्या, तर काही गिगाबाइट जागा विनाकारण अडते.

प्रती साठतात कोठे?

ही साठवण तीन ठिकाणी होते आणि तिन्ही ठिकाणचा न्याय वेगळा आहे.

पहिले ठिकाण म्हणजे स्थापनेसाठी उलगडलेल्या फाइलींचे. ड्रायव्हर बसविताना त्याचा संच बहुधा सी ड्राइव्हवर 'एनव्हिडिया', 'एएमडी' किंवा 'इंटेल' अशा नावाच्या फोल्डरात उलगडला जातो. ड्रायव्हर बसल्यानंतर हा फोल्डर आपोआप जाईलच असे नाही. काम पुरे झाल्यावर तेथील जुने संच काढण्यास हरकत नसते. घर बांधून झाल्यावर अंगणात उरलेल्या फळ्यांसारखी ही सामग्री होय.

दुसरे ठिकाण म्हणजे विंडोजचे अधिकृत कोठार. २००७ साली सर्वसाधारण विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ही व्यवस्था आहे. प्रत्येक ड्रायव्हर संच वापरात येण्यापूर्वी तपासला जातो आणि 'ड्रायव्हरस्टोअर' नावाच्या कोठारात ठेवला जातो. नवी आवृत्ती आली तरी जुनी लगेच जात नाही. नवा ड्रायव्हर बिघडल्यास मागील आवृत्तीकडे परतता यावे, हा त्यातील हेतू आहे.

तिसरे ठिकाण म्हणजे 'शेडर कॅशे'. चित्रे लवकर उमटावीत यासाठी तयार करून ठेवलेली ही तात्पुरती सामग्री असते. ती काढल्यास यंत्रणा पुन्हा तयार करते. सुरुवातीस काम किंचित सावकाश होते इतकेच.

हाताने काढणे का टाळावे?

कोठाराचा फोल्डर उघडून मोठ्या आकाराच्या फाइली स्वतः पुसून टाकणे हा मार्ग सोपा वाटतो. परंतु तो धोक्याचा आहे. विंडोज १० व ११ मधील आधुनिक ग्राफिक्स ड्रायव्हर या कोठारातूनच थेट चालतात. म्हणजे ते केवळ जुन्या प्रतींचे गोदाम नसून चालू कामाची जागाही आहे. तेथील चुकीची फाइल गेल्यास पडदा काळा पडू शकतो किंवा अक्षरे मोठी व ओबडधोबड दिसू लागतात. शिवाय फाइल गेली तरी यंत्रणेच्या नोंदवहीत ती तशीच राहते आणि पुढील स्थापनेत अडथळा येतो.

शासकीय दप्तरातही मुदत संपलेला कागद नोंद पाहून आणि रीतसर पद्धतीनेच नष्ट केला जातो. येथेही तोच दंडक लागू आहे. काढणी यंत्रणेकडूनच करवून घ्यावी.

योग्य क्रम

प्रथम कार्यालयाच्या महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी. सध्याचा ड्रायव्हर नीट चालतो आहे याची खात्री करावी. नवी आवृत्ती नुकतीच बसविली असेल, तर दोन-तीन आठवडे थांबणे श्रेयस्कर. मागील आवृत्ती काढून टाकल्यावर परतीचा मार्ग बंद होतो, हे ध्यानात ठेवावे.

त्यानंतर विंडोजच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टिम', तेथे 'स्टोरेज' आणि पुढे 'टेम्पररी फाइल्स' हा भाग उघडावा. काढण्याजोगे जुने संच असल्यास यादीत 'डिव्हाइस ड्रायव्हर पॅकेजेस' ही नोंद दिसते. तीवर आणि हवे असल्यास 'डायरेक्टएक्स शेडर कॅशे' या नोंदीवर खूण करावी. जुना 'डिस्क क्लीनअप' वापरणाऱ्यांनी 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' हे बटण दाबल्यावर ड्रायव्हर संचांची नोंद पुढे येते.

याच ठिकाणी एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. 'टेम्पररी फाइल्स'च्या यादीत 'डाउनलोड्स' ही नोंदही असते. अनेक कार्यालयांत शासन निर्णय, आदेश आणि अर्जांच्या प्रती त्याच फोल्डरात उतरवून ठेवलेल्या असतात. सरसकट सर्व नोंदींवर खूण केल्यास अडगळीबरोबर दप्तरही जाईल. म्हणून प्रत्येक नोंद वाचूनच खूण करावी.

एवढे करूनही कधी कधी काही जुने संच राहून जातात. अशा वेळी तांत्रिक जाणकाराने विंडोजमधील 'पीएनपीयूटिल' या आज्ञेचा उपयोग करावा. ती प्रत्येक संचाचा पुरवठादार, वर्ग, दिनांक आणि आवृत्ती दाखविते. त्यावरून ग्राफिक्स वर्गातील जुनी आवृत्ती ओळखून तेवढीच काढता येते. वापरात असलेला संच काढण्यास ही आज्ञा सहसा नकार देते. तो नकार ही अडचण नसून इशारा आहे. बळजबरीने काढण्याची सोय आज्ञेत असली, तरी ती वापरू नये. अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र, स्कॅनर, छपाई यंत्र यांचे संच ग्राफिक्सचे नसतात. ते त्या दिवशी जोडलेले नाहीत एवढ्यावरून निरुपयोगी समजू नयेत.

नोंद आणि नियमितपणा

काम संपल्यावर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा, पडदा व छपाई तपासावी आणि अडलेल्या सुधारणा पूर्ण होऊ द्याव्यात. विंडोज १० चा सर्वसाधारण विनामूल्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे विंडोज ११ कडे जाणाऱ्या कार्यालयांना मोकळ्या जागेची निकड अधिकच भासणार आहे. काढणीपूर्वी किती जागा होती, कोणती आवृत्ती काढली आणि नंतर किती जागा झाली, हे संगणकाच्या नोंदवहीत दिनांकासह लिहून ठेवावे. पुढे बिघाड झाल्यास दुरुस्ती करणाऱ्यास हीच नोंद मार्गदर्शक ठरते.

सहा महिन्यांतून एकदा अशी पाहणी केल्यास, केवळ डिस्क भरली म्हणून चालू स्थितीतील संगणक अडगळीत टाकण्याची वेळ टळू शकेल. शाळेच्या वा पंचायतीच्या मर्यादित निधीतून आलेल्या यंत्राचे आयुष्य वाढविणे हीही सार्वजनिक पैशाची बचतच होय.