वनस्पतींचे दप्तर

पुणे शहरात जी दोन मोठी दप्तरे आहेत त्यांपैकी पहिल्याची कीर्ती सर्वश्रुत आहे. पेशवे दप्तरातील रुमाल सोडून त्यांतले कागद वाचल्यावाचून मराठ्यांच्या इतिहासाविषयी जबाबदारीने चार ओळी लिहिणे कोणास शक्य नाही, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. दुसरे दप्तर कोरेगाव रस्त्यावर, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात आहे, आणि त्याची वार्ता वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारशी गेलेली नाही. तेथे रुमालांच्या जागी कपाटे आहेत आणि कागदांवर मजकुराच्या जागी झाडे आहेत : वाळवलेली, दाबलेली, सुईदोऱ्याने टाचलेली, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात आपला मुलूख, मुक्काम व तारीख बाळगणारी. सह्याद्रीच्या अरण्यात अमुक एक जाती वाढते, असे जेव्हा एखादा ग्रंथ म्हणतो, तेव्हा त्या विधानाचा अस्सल दाखला अशा एखाद्या कागदावरच असतो. तो कागद नसेल तर ग्रंथातले नाव ही ऐकीव बातमी ठरते.

अशा संग्रहाला शास्त्रज्ञ हर्बेरियम म्हणतात आणि त्यातल्या एकेका कागदाला शीट. संग्राहक अरण्यात फांदी तोडतो ती पाने, फुले आणि साधल्यास फळे यांसह. तिला क्रमांकाची चिठ्ठी बांधतो, आणि त्याच क्रमांकाखाली नोंदवहीत अशा गोष्टी टिपून ठेवतो की ज्या वाळल्यावर नाहीशा होणार असतात : फुलाचा रंग, वास, सालीखालचा चीक, झाडाची उंची, ओढ्याचा काठ की कड्याची कपार, आणि सोबतच्या गावकऱ्याने सांगितलेले नाव. मग ती फांदी वर्तमानपत्राच्या घडीत, एक पान उलटे आणि बाकीची सुलटी दिसतील अशी बेताने पसरून, टिपकागदांच्या थरांमध्ये घालून, लाकडी पट्ट्यांच्या दोन चौकटींत पट्ट्यांनी करकचून आवळतात. टिपकागद पहिले काही दिवस रोज बदलावे लागतात; एक दिवस आळस केला की पाने काळी पडतात, त्यांवर बुरशी धरते, आणि डोंगर चढून आणलेला ऐवज टाकून द्यावा लागतो.

आपल्या डोंगरांची अडचण अशी की सह्याद्रीच्या पठारांवरील बहुतेक नाजूक वनस्पती फुलतात त्या नेमक्या पावसाळ्यात, म्हणजे ज्या दिवसांत अंगावरचे धोतर वाळत नाही त्या दिवसांत. त्यामुळे आंबोलीला किंवा महाबळेश्वरला श्रावणात गेलेल्या संग्राहकाचा अर्धा दिवस रानात आणि उरलेला अर्धा दिवस शेगडीवर टिपकागद शेकण्यात जात आला आहे. ज्यांच्या अंगात पाणी साठलेले असते अशा मांसल वनस्पतींची तऱ्हा तर आणखी निराळी. त्या चौकटींत आवळल्यावरही कित्येक दिवस जिवंत राहतात, आणि म्हणून त्यांना आधी उकळत्या पाण्यात बुडवावे लागते. पुढे किडीपासून रक्षण व्हावे म्हणून रसकापुराच्या द्रावणात नमुना बुडवण्याची रीत होती. हे विष संग्राहकाच्या हातांनाही सोडत नसल्यामुळे आता त्याचा वापर कमी होत गेला आहे. शेवटी जाड कागदावर डिंकाने चिकटवून, जाडसर डहाळ्या दोऱ्याने टाचून, गळलेल्या बियांसाठी एक छोटे पाकीट डकवून, संग्राहकाचे नाव, क्रमांक, स्थळ आणि दिनांक यांची चिठ्ठी लावली म्हणजे शीट पुरी झाली. भारतातल्या बहुतेक संग्रहांत बेंथॅम आणि हुकर या दोघा इंग्रज पंडितांनी १८६२ ते १८८३ या काळात सिद्ध केलेल्या क्रमाने कपाटे लावलेली असतात. आरंभी मोरवेलीचे कुल आणि अखेरीस गवते. ज्याला तो क्रम मुखोद्गत आहे तो माणूस लक्षावधी कागदांतून हवी ती जाती थोड्या वेळात काढून देतो.

उष्ण कटिबंधातील अरण्याची नोंद करणे इतके कठीण का, हे हर्बेरियममध्ये बसून जितके कळते तितके खुद्द रानात कळत नाही. थंड देशांत मैलोगणती एकाच दोन-चार जातींची झाडे उभी असतात. आपल्या सदाहरित रानात मात्र शेजारची दोन झाडे बहुधा दोन निराळ्या जातींची, कित्येकदा दोन निराळ्या कुलांची असतात, आणि तरीही त्यांची पाने अशी एकसारखी, तुकतुकीत, अखंड कडांची व टोकाशी निमुळती असतात की फुलावाचून निर्णय करता येत नाही. ते फूल चाळीस-पन्नास हात उंचीवर असते, आणि पुष्कळ जातींत नरफुले एका झाडावर व मादीफुले दुसऱ्यावर येतात. खालच्या पानझडी रानात वेगळीच पंचाईत. पळस, पांगारा, काटेसावर ही झाडे फुलतात तेव्हा अंगावर पान नसते, म्हणून फाल्गुनात ज्या झाडाची फुले घेतली त्याच झाडाकडे पावसाळ्यात पानांसाठी परत जाऊन दोन्ही नमुन्यांची सांगड नोंदवहीत घालून ठेवावी लागते. आणि कारवीचा विचार करावा तर ती सात वर्षांनी एकदा फुलते, सारा डोंगर जांभळा करते आणि बी टाकून मरते. ते एक वर्ष हुकले म्हणजे पुढील सात वर्षे स्वस्थ बसण्यावाचून उपाय नाही.

या कामाचा आपल्या प्रांतातला आरंभ ज्यांनी केला त्यांतले फारच थोडे लोक पेशाने वनस्पतिशास्त्रज्ञ होते. मुंबई व आसपासच्या वनस्पतींची पहिली यादी रचणारा जॉन ग्रॅहॅम हा टपाल खात्यातील अधिकारी. ती यादी छापून होत असतानाच १८३९ मध्ये तो खंडाळ्यास मरण पावला आणि उरलेले काम त्याच्या स्नेह्याने तडीस नेले. अलेक्झांडर गिब्सन हा शल्यवैद्य पुण्याजवळच्या दापोडी येथील सरकारी बागेचा अधीक्षक होता आणि पुढे १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्याने व डॅल्झेलने मिळून १८६१ मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. गिब्सनने दापोडीच्या बागेतील वनस्पतींची चित्रे एका इंडो-पोर्तुगीज चित्रकाराकडून काढून घेतली. पावणेदोनशेच्या आसपास असलेली ती चित्रे आज एडिंबरोच्या राजोद्यानात जपून ठेवलेली आहेत, त्यांवर पुस्तकही निघाले आहे, परंतु ज्याच्या हाताने ती उतरली त्याचे नाव कोणत्याही कागदावर आलेले नाही. मला ही गोष्ट चित्रांच्या सौंदर्याइतकीच महत्त्वाची वाटते, आणि तिचे कारण पुढे येईल.

या साऱ्यांचा कळस म्हणजे थिओडोर कुक. रेल्वेच्या बांधकामावर हिंदुस्थानात आलेला हा आयरिश अभियंता पुण्याच्या सायन्स कॉलेजचा प्रमुख झाला, १८९० मध्ये वनस्पती सर्वेक्षणाची स्थापना झाल्यावर पश्चिम हिंदुस्थानची जबाबदारी त्याच्याकडे आली, आणि निवृत्तीनंतर लंडनजवळच्या क्यू उद्यानात बसून त्याने मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ १९०१ ते १९०८ या वर्षांत लिहून पुरा केला, तो आजही पश्चिम भारतातल्या प्रत्येक वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाताशी असतो. कुकच्या ग्रंथात प्रत्येक जातीखाली ती कोठे सापडली आणि कोणी आणली याची त्रोटक नोंद येते, आणि संग्राहकाच्या नावापुढे एक उद्गारचिन्ह असते. वनस्पतिशास्त्राच्या लेखनपद्धतीत या चिन्हाला भावनेचा स्पर्श नाही. त्याचा अर्थ इतकाच की हा नमुना ग्रंथकर्त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. स्टॉक्स, लॉ, डॅल्झेल, वुडरो या साहेबांच्या बरोबरीने तेथे कानिटकर येतात, आणि भिवा हे नाव येते. आडनाव नाही, हुद्दा नाही, नुसते भिवा, आणि पुढे ते उद्गारचिन्ह. पुण्याच्या शेती महाविद्यालयातील रामचंद्र काशिनाथ भिडे यांना न्याय अधिक मिळाला. सह्याद्रीतल्या गवतांच्या एका वंशाला पुढे त्यांच्या नावावरून भिडिया असे नाव देण्यात आले.

नावांविषयी सामान्य वाचकाची एक तक्रार असते की शास्त्रज्ञ ती वारंवार बदलतात. तक्रार खरी आहे, परंतु तीत दोष शोधण्याचे कारण नाही. जुन्नरच्या परिसरातील कड्यांवर एक मांसल, तारकाकृती किरमिजी फुलांची वनस्पती डॅल्झेलला मिळाली. मराठीत तिला शिंदळमाकुडी म्हणतात. तिच्यासाठी त्याने नवा वंश कल्पून, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या सन्मानार्थ तिला फ्रेरिया इंडिका म्हटले. पुढे तिची गणना कॅरॅलुमा वंशात झाली, आणि अलीकडे तिला बौसेरोसिया वंशात नेले आहे. कारवीचेही तसेच : नीसने तिला स्ट्रोबिलँथेस वंशात घातले, १९४४ मध्ये ब्रेमेकांप या डच शास्त्रज्ञाने तिच्या मराठी नावावरून कार्व्हिया हा स्वतंत्र वंश निर्माण केला, आणि आता बहुतेक विद्वान तिला पुन्हा पहिल्याच घरात नेऊन बसवतात. हे सगळे निर्णय फिरतात, पण ज्या नमुन्यावरून प्रथम नाव दिले तो नमुना, ज्याला टाइप म्हणतात, तो फिरत नाही. प्रत्येक नव्या पंडिताला त्याच कागदापुढे येऊन आपले म्हणणे मांडावे लागते. शिटेवर जुन्या नावाची चिठ्ठी फाडून नवी लावायची नाही, तर जुनीच्या शेजारी नवी, तपासणाऱ्याच्या सहीनिशी व तारखेनिशी लावायची, असा शिरस्ता आहे. त्यामुळे एखाद्या जुन्या शिटेवर पिढ्यांचे मतभेद एकापुढे एक वाचता येतात.

आपल्याकडील दुःखाचा भाग असा की सह्याद्रीतल्या पुष्कळ जातींचे टाइप क्यूच्या कपाटांत आहेत. आपल्याच डोंगरात सापडलेल्या झाडाची खात्री करण्यासाठी परदेशी पत्र पाठवून उत्तराची वाट पाहणे हे कित्येक पिढ्यांच्या नशिबी आले, आणि याच कारणास्तव भारत सरकारला आपला एक वनस्पतिशास्त्रज्ञ क्यू येथे नेमून ठेवावा लागे. म्हणूनच स्वातंत्र्यानंतर जे घडले त्याचे मोल मोठे आहे. जानकी अम्माळ यांच्याकडे सर्वेक्षणाच्या पुनर्रचनेची आखणी सोपवण्यात आली. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील फादर सांतापाव, ज्यांनी ब्लॅटर यांच्या नावाने चालणारा तेथील संग्रह सांभाळला आणि १९५३ मध्ये खंडाळ्याच्या वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला, ते या खात्याचे मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ झाले. आणि १९५५ मध्ये पुण्याचे केंद्र उभे राहिले. तेथल्या अन्सारी यांनी खरपुडीच्या वंशावर, म्हणजे सेरोपेजियावर, आयुष्याचा मोठा भाग वेचून सह्याद्रीतल्या नव्या जाती शास्त्राला दिल्या, आणि १९९६ ते २००१ या वर्षांत महाराष्ट्राच्या फुलझाडांचे खंड याच केंद्राकडून बाहेर पडले. कुकच्या ग्रंथानंतर जवळजवळ शतकभराने मराठी मुलखाला आपल्या हद्दीपुरता स्वतंत्र ग्रंथ मिळाला.

आता मघाशी राहिलेली गोष्ट. कुकच्या कितीतरी आधी, १६७८ ते १६९३ या काळात, अ‍ॅमस्टरडॅमला बारा खंडांत 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ छापला गेला. मलबारातील सातशेहून अधिक वनस्पतींची चित्रे व वर्णने त्यात आहेत, आणि पुढे लिनियसने त्यांतल्या अनेकांना जी नावे दिली ती या चित्रांच्या आधारावरच. त्याचा कर्ता व्हान रीड हा डचांचा गव्हर्नर. परंतु झाडे दाखवणारा, त्यांचे गुण सांगणारा इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य, आणि त्याच्या जोडीला रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे कोचीच्या कोकणी समाजातील तीन ब्राह्मण. व्हान रीडने या चौघांच्या १६७५ सालच्या साक्षी त्यांच्या त्यांच्या लिपीत पहिल्या खंडात छापल्या. तिघा भटांची साक्ष कोकणी भाषेत आणि नागरी अक्षरांत आहे. साम्राज्याच्या त्या काळात एका परकीय अधिकाऱ्याने देशी जाणकारांना ग्रंथाच्या प्रारंभी साक्षीदार म्हणून उभे करावे, हे मला त्या ग्रंथातील सर्वांत मोठे शास्त्रीय कृत्य वाटते. कारण ज्ञान कोणाकडून आले हे सांगणे हाही पुराव्याचाच भाग आहे. कालिकतच्या मणिलाल यांनी तीन शतकांनंतर मलबारात हिंडून त्या वनस्पती पुन्हा गोळा केल्या आणि २००३ मध्ये ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, ते शक्य झाले ते या सचोटीमुळेच.

त्या मानाने आपल्या शिटांवरील चिठ्ठी अजून अपुरी आहे. तीत संग्राहकाचे नाव असते, स्थानिक नाव असते, पण ते नाव सांगणारा ठाकर, कातकरी किंवा महादेव कोळी कोण, याला रकाना नसतो. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात देवरायांचा अभ्यास केला तेव्हा त्या रायांचे धागेदोरे गावकऱ्यांच्या तोंडूनच मिळाले, कारण देवाच्या धाकाने राखलेल्या त्या झाडीतले कोणते झाड किती जुने, कोणते कधी फुलते, हे दुसऱ्या कोणाला माहीत असण्याचे कारणच नव्हते. पुण्याच्या दप्तरात दर पावसाळ्यानंतर नवे गठ्ठे दाखल होतात आणि नव्या चिठ्ठ्या छापल्या जातात. त्या चिठ्ठीवर संग्राहकाच्या खाली आणखी एक ओळ वाढवण्यास एका शाईच्या रेघेपलीकडे खर्च नाही, आणि ती वाढवावी, माहितगाराचे नाव व गाव तीत पुरते लिहावे, अशी माझी त्या खात्याला मनःपूर्वक विनंती आहे.