कार्बन-१४ चा काल आणि भाषेचा काल

पुरातत्त्वाच्या संदर्भात 'शास्त्रीय पद्धती' हा शब्दप्रयोग आपल्या वर्गांतून व प्रबंधांतून वारंवार आढळतो. परंतु त्याचा अर्थ बहुधा 'प्रयोगशाळेतून आलेला आकडा' एवढाच घेतला जातो. ऋग्वेदाच्या कालाविषयी लिहिताना भाषाशास्त्राचा विद्यार्थी शब्दरूपांच्या तुलनेवर आधारलेले अनुमान 'संभाव्य' म्हणून देतो आणि उत्खननातील कोळशाचा काल मात्र 'सिद्ध' म्हणून देतो. हा भेद कितपत ग्राह्य आहे, हे किरणोत्सर्गी कार्बनच्या कालमापनपद्धतीवरून पाहावयाचे आहे. प्रस्तुत लेखक पदार्थविज्ञानाचा अभ्यासक नाही. तरीही या पद्धतीचा इतिहास भाषेच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक वाचावा असा आहे. कारण तिचे एक अनुकरण आपल्याही शास्त्रात झाले आणि ते फसले.

पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. वातावरणाच्या वरच्या थरांत विश्वकिरणांच्या परिणामाने नायट्रोजनपासून कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी प्रकार सतत निर्माण होत असतो. वनस्पती तो हवेतून घेतात, प्राणी अन्नातून घेतात. जीव मरताच ही आवक थांबते आणि साठलेला कार्बन-१४ हळूहळू नष्ट होऊ लागतो. सुमारे ५७३० वर्षांनी तो निम्मा उरतो. उरलेला अंश मोजला की मृत्यूनंतर किती काळ लोटला याचे गणित करता येते. सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे मात्र मोजण्याजोगे काही शिल्लक राहत नाही. विलर्ड लिबी यांनी १९४९ मध्ये ही पद्धती पुढे मांडली व १९६० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लिबींनी आपल्या मापाची परीक्षा घेण्यासाठी निवडलेल्या नमुन्यांत ईजिप्तमधील राजांच्या थडग्यांतील लाकूड होते, आणि त्या राजांचा काल ठाऊक होता तो प्राचीन लेखांवरून. प्रयोगशाळेच्या मापाला आरंभीच्या काळात आधार दिला तो अशा रीतीने लिपी वाचणाऱ्यांनी, हे आपण विसरू नये.

प्रयोगशाळेकडून आकडा येतो तो '३२०० ± ४०' अशा स्वरूपाचा. ही वर्षे इ.स. १९५० पासून मागे मोजलेली असतात. ± या चिन्हाचा अर्थ एवढाच, की मोजणीचे उत्तर या ८० वर्षांच्या पट्ट्यात असण्याची शक्यता शंभरांत सुमारे ६८ आहे. म्हणजे ते पट्ट्याबाहेर असण्याचा संभवही जवळजवळ एकतृतीयांश आहे. हे चिन्ह गाळून मधलाच आकडा उचलण्याची सवय आपल्याकडे फार बळावली आहे.

आता नमुन्याविषयी. घराच्या तुळईचा कोळसा मिळाला तर त्यावरून कळतो तो त्या लाकडाच्या वाढीचा काल, घर बांधल्याचा नव्हे. जुन्या वृक्षाच्या गाभ्याचे लाकूड किंवा मोडक्या घरातून काढून पुन्हा वापरलेली तुळई असेल, तर वसाहत आहे त्याहून शेकडो वर्षे प्राचीन भासते. उलट, नंतरच्या झाडाची मुळे नमुन्यात शिरली की ती अर्वाचीन ठरते. म्हणून एकाच हंगामात उगवलेला जळका धान्याचा दाणा हा उत्तम साक्षीदार होय. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कणत्वरकाच्या साहाय्याने कार्बन-१४ चे अणूच मोजण्याची रीत निघाली, आणि तेव्हापासून असा एक दाणाही पुरतो. या मिसळीची कल्पना जुन्या पोथ्यांच्या वाचकाला निराळी समजावून देण्याची गरज नाही. १२९० मधील ज्ञानेश्वरीत तीन शतकांत इतके अपपाठ शिरले की एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, ती शुद्ध करावी लागली. नकलेतील नवा शब्द आणि कोळशातील नवे मूळ, दोहोंचे काम एकच.

परंतु या पद्धतीतील खरा कच्चा दुवा नमुन्यात नव्हता. तो गृहीतकात होता. हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण सर्वकाळ सारखेच होते, असे लिबींनी धरले होते. १९५८ मध्ये हेसेल डी व्ह्रीस यांनी ते सारखे नव्हते असे दाखवून दिले. मग उपाय कोणता? वृक्षाच्या खोडात दरवर्षी एक वलय पडते. कॅलिफोर्नियातील व्हाइट पर्वतातील दीर्घायुषी पाइन वृक्षांची वलये, जिवंत वृक्षांपासून पडलेल्या खोडांपर्यंत एकमेकांशी जुळवीत, हजारो वर्षे मागे मोजता आली. प्रत्येक वलयाचे वर्ष मोजणीनेच ठाऊक असल्याने, त्यातील कार्बन-१४ चा अंश पाहून हान्स स्यूस यांनी १९६० च्या दशकात दुरुस्तीचा तक्ता तयार केला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला तक्ता, वृक्षवलयांबरोबरच प्रवाळ, गुहांतील चुनखडीचे स्तंभ व सरोवरांचा गाळ यांच्या आधारे, सुमारे ५५,००० वर्षांपर्यंत जातो.

या दुरुस्तीचे मोल किती, हे सिंधु संस्कृतीच्या कालावरून दिसते. मॉर्टिमर व्हीलर यांनी तिचा काल इ.स.पू. २५०० ते १५०० असा मानला होता. हडप्पा येथील १९४६ च्या उत्खननानंतर त्यांनी तिच्या नाशाचा आरोप ऋग्वेदातील इंद्रावर ठेवला. त्या आरोपाचा मोठा आधार एका योगायोगावर होता: नगरांचा अंत इ.स.पू. १५०० च्या सुमारास, आणि भाषाशास्त्रज्ञांच्या अनुमानाप्रमाणे वैदिक आर्यांचे आगमनही त्याच सुमारास. १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील धर्मपाल अग्रवाल यांनी किरणोत्सर्गी कार्बनच्या मापनांवरून तिचा काल इ.स.पू. २३०० ते १७५० असा आखडता घेतला. वृक्षवलयांच्या तक्त्याने हे आकडे पुन्हा मागे सरकले, आणि आज नागर अवस्थेचा काल सामान्यतः इ.स.पू. २६०० ते १९०० असा धरतात. ऋग्वेदरचनेचा आरंभ बहुसंख्य भाषाशास्त्रज्ञ आजही इ.स.पू. १५०० च्या आसपास ठेवतात. तेव्हा आरोपी व घटना यांच्यामध्ये सुमारे चार शतके उभी राहिली. मोहेंजोदडोचे सांगाडे एकाच कत्तलीचे नव्हेत, हे जॉर्ज डेल्स यांनी १९६४ मध्येच निराळ्या पुराव्यांवरून मांडले होते. याचा अर्थ भाषाशास्त्राचे अनुमान खोटे ठरले असा मात्र नव्हे. कोळसा कोणती भाषा बोलत होता, हे कोणतेही यंत्र सांगत नाही. खोटी ठरली ती दोन कालांची घाईने घातलेली सांगड.

अशी सांगड प्रस्तुत लेखकानेही एकदा घातली आहे. विद्यार्थिदशेतील एका निबंधात त्याने दोन वसाहतींचे काल शेजारी शेजारी मांडले. त्यांतील एक जुन्या अहवालातील कच्चा होता, दुसरा तक्त्यावरून शुद्ध केलेला. त्यामुळे त्यांतील अंतर चुकले आणि त्या अंतरावर उभारलेला सगळा युक्तिवादही गेला.

आता आपल्या घरची गोष्ट. कार्बन-१४ च्या यशाने प्रभावित होऊन मॉरिस स्वॉडेश यांनी १९५० च्या सुमारास शब्दसंख्येवरून भाषांचा काल काढण्याची पद्धती सुचविली. हात, डोळा, पाणी असे मूलभूत अर्थ असलेल्या शंभर शब्दांपैकी दर हजार वर्षांत सुमारे ८६ टिकतात, या गृहीतकावरून दोन भाषा केव्हा विभक्त झाल्या याचे गणित मांडावयाचे. गृहीतक लिबींच्याच जातीचे होते: झिजेचा वेग सदैव सारखा. १९६२ मध्ये बेर्गस्लान व फोग्त यांनी नॉर्वेजियन व आइसलँडिक यांची तुलना केली. एकाच मूळ भाषेच्या या दोन शाखा. पण हजारएक वर्षांत आइसलँडिकचे मूलभूत शब्द फारच थोडे बदलले, नॉर्वेजियनचे कितीतरी अधिक. गृहीतक दोन्हीकडे ढासळले. पण कार्बनच्या बाबतीत वर्षे मोजणारी वलये स्वतंत्रपणे उपलब्ध होती आणि चुकीचे माप ठरविता आले. भाषेच्या खोडात अशी वलये नाहीत. जेथे लेख आहेत तेथे वेग तपासता येतो, पण तेथे या पद्धतीची आवश्यकताच उरत नाही; आणि जेथे लेख नाहीत तेथे वेग तपासण्याचे साधन नाही.

शेवटी, महाराष्ट्राच्या अभ्यासकाला जी अडचण विशेष जाणवेल तिचा उल्लेख केला पाहिजे. दुरुस्तीच्या तक्त्यातील वक्ररेषा इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात जवळजवळ सपाट होते. त्यामुळे इ.स.पू. ७०० चा दाणा आणि इ.स.पू. ४५० चा दाणा यांचे कच्चे आकडे जवळपास सारखेच येतात. मोजणी कितीही सूक्ष्म केली तरी एका दाण्यावरून निवाडा होत नाही. इनामगाव येथील उत्तर जोर्वे वस्तीचा शेवट इ.स.पू. ७०० च्या सुमारास मानतात. विदर्भातील महापाषाणयुगीन दफनांचा मोठा भागही याच कालखंडाच्या आसपास येतो. अशा ठिकाणी उपयोगी पडते ती उत्खनकाची जुनीच विद्या. न ढवळलेल्या थरांतून, कोणता वर व कोणता खाली याची काटेकोर नोंद ठेवून, प्रत्येक थरातील दाणे घेतले, तर वरचा थर खालच्याहून नंतरचा हे बंधन गणितात घालता येते आणि प्रत्येक आकड्याचा पट्टा आखडत जातो. त्यासाठी नमुना कोणत्या थरातून आला हे अहवालात लिहिलेले असावे लागते. जुन्या अनेक नमुन्यांच्या बाबतीत ते लिहिलेले नाही.