दोन रुपयांची गोष्ट

गोरेगावहून पवईला जाताना आरेतला शॉर्टकट तुम्ही कितीतरी वेळा घेतला असेल. झाडं, गारवा, मध्येच शेणाचा वास आणि युनिटच्या नंबरांच्या पाट्या. ही युनिटं म्हणजे म्हशींचे तबेले. मुंबईच्या दाटीवाटीतले तबेले बाहेर काढण्यासाठी १९४९ मध्ये ही वसाहत उभी राहिली. त्यामागचा माणूस कोण? नाही ना आठवत? दारा खुरोडी, मुंबईचे तेव्हाचे मिल्क कमिशनर.

आता दुसरं नाव घेऊ. वर्गीस कुरियन. हे मात्र लगेच ओळखलंत! गंमत म्हणजे १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार या दोघांना एकत्रच मिळाला होता. सोबत तिसरे होते आणंदचे त्रिभुवनदास पटेल.

मग लक्षात एकच का राहिला? कारणं बरीच आहेत. आणंदचा सहकार देशभर गेला, आरे एक सरकारी वसाहतच राहिली. पण एक कारण आपल्या कामाचं आहे. कुरियनना गोष्टीची किंमत कळली होती.

१९७० मध्ये ऑपरेशन फ्लड सुरू झालं. सहकारी सोसायटी का काढायची, हे आता परक्या राज्यांतल्या शेतकऱ्यांना पटवायचं होतं. लिटरचे आकडे सांगून ते होणार नव्हतं. मग श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ आला, १९७६ मध्ये. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. निर्माते कोण? गुजरातमधले पाच लाख दूध उत्पादक, प्रत्येकी दोन रुपये! आपला सिनेमा आहे म्हणून माणसं ट्रक भरभरून बघायला आली. पुढे प्रिंट गावोगावी फिरली, सोबत जनावरांचे डॉक्टर आणि डेअरीचे तंत्रज्ञ. म्हणजे आधी गोष्ट, मग माहिती. आपण नेमकं उलटं करतो.

आणि सिनेमा पाहिलात तर दिसेल, त्यात सोसायटीची जाहिरात नाहीच. गावात जातीवरून फूट पडते, डेअरीमालक डाव टाकतो, सोसायटी काढायला आलेल्या डॉ. रावांचे अंदाज चुकतात. शेवटी त्यांची बदली होते, ते निघून जातात. सोसायटी पुढे नेतो तो गावातलाच भोला. कंपनीच्या पैशाने केलेल्या फिल्ममध्ये साहेब हरून जातो, विचार करा! पण बघणाऱ्या शेतकऱ्याला त्यात साहेब नाही, स्वतः दिसला.

तुम्ही फेस्टसाठी स्पॉन्सर गाठता, स्टार्टअपचं पिच करता, तेव्हा पहिली स्लाइड कसली असते? ‘आमच्याविषयी’. त्याऐवजी गेल्या वर्षी काय फसलं, कुणी सावरलं, तिथून सुरू करून बघा. आणि गोष्टीत समोरच्याचे दोन रुपये कुठे लागलेत, तेही.

खुरोडींवरचा सिनेमा मी तरी पाहिलेला नाही. प्रोजेक्टला विषय शोधत असाल, तर तबेले अजून तिथेच आहेत. सकाळी लवकर जा, दूध काढायच्या वेळेला.